सतरा नंबरची द्राक्षं

आमचे साहेब उभे राहत तेव्हा दोन पायांत हातभर अंतर ठेवून उभे राहत. खालची जमीन हलते आहे आणि आपल्याला पडायचं नाही, असे. शेडमध्ये नवी आलेली बाई पहिल्या दिवशी तोंडाला पदर लावून हसायचीच. मीही हसले होते. पुढं ओळख झाल्यावर शेडवरच्याच हौसाबाईनं मला सांगितलं, "अगं, त्यांची सगळी नोकरी आगगाडीतल्या डाकेच्या डब्यात गेली. धावत्या गाडीत उभं राहून पत्रं निवडायची. मनमाडवरनं निघायचं ते पार भुसावळच्या पुढं. नोकरी सुटली, पण पाय अजून गाडीतच हायेत."

तिथून रिटायर होऊन ते आमच्या सोसायटीच्या शेडवर मॅनेजर म्हणून आले होते. सोसायटी द्राक्षवाल्या शेतकऱ्यांची. दिंडोरी रोडला, म्हसरूळच्या पुढं, पत्र्याचं मोठं शेड होतं. सभासद आपापल्या बागेतली द्राक्षं तिथं आणत. आम्ही बायका ती निवडायचो, पेट्या भरायचो, आणि पेट्या ट्रकनं मुंबईला जायच्या. काही तिथून पुढं कलकत्त्यालाही. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हंगामात मी तिथं लागले. माझे मालक, म्हणजे नवरा, कामाला होते त्या कारखान्यात तेव्हा गडबड सुरू झाली होती आणि घरात मुलगी लहान होती.

साहेबांचं बोलणं थोडं. त्यातही एक वाक्य रोजचं. एखादी बाई पाटीतला घड हातात धरून विचारात पडली की ते मागून म्हणत, "कुणाकडून आलंय ते बघायचं नाही, बाई. कुठं जायचंय ते बघायचं."

आम्हाला ते 'अहो' म्हणत. पंचवीस-तीस बायका, कुणी अंगठेबहाद्दर, कुणी चौथी, कुणी सातवी. सगळ्यांना अहो. मला आयुष्यात पहिल्यांदा अहो म्हणणारा माणूस तोच. त्या दिवशी मी मागं वळून पाहिलं होतं, कुणाला म्हणतात म्हणून.

शेतकऱ्यांना मात्र ते नकोसे होते. त्याला कारण त्यांची पद्धत. गाडी फाटकात आली की तिथल्या तात्यानं माल उतरवून घ्यायचा आणि शेडच्या पाट्यांत ओतायचा. आमच्या सगळ्या पाट्या सारख्या, निळा रंग दिलेल्या. पाटीवर फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, ते तात्या एका कागदावर लिहून पाकिटात बंद करायचा. पाकीट त्याच्याच पेटीत, आणि संध्याकाळपर्यंत ते उघडायचं नाही. साहेबांनाही नाही. तोवर आम्ही निवडलेलं असायचं. चांगला माल मुंबईच्या पेटीत. मधला माल नाशिकच्या बाजारात. खराब झालेला परत.

"ही द्राक्षं हायेत का पोस्टकार्डं?" म्हणून एक म्हातारे सभासद फाटकात ओरडले होते. "माझ्या मालावर माझं नाव नको? चोराचा माल हाय का?"

साहेब म्हणाले, "नाव आहे ना. पाकिटात आहे."

"मग उघडा!"

"संध्याकाळी."

"आन् तवर काय?"

"तोवर तुम्ही चहा घ्या."

तरी बायका बायकाच. हौसाबाई मोहाडीकडची, तिच्या भावाची बाग होती. एक दिवस ती माझ्या कानात म्हणाली, "ही पाटी माझ्या भावाची बघ." मी विचारलं, कशावरून? तर म्हणाली, "देठ बघ की. तो कात्री तिरकी धरतो, ल्हानपणापासून डावरा हाय." आणि तिनं दोन मऊ पडलेले घड गुपचूप मुंबईच्या पेटीकडं सरकवले. साहेब पाठीमागंच उभे होते. दुसऱ्या दिवशी तात्याच्या हातात कात्री आली. माल उतरवला की सगळ्या घडांचे देठ त्यानं पुन्हा सरळ, सारखे कापायचे, मगच आत. तात्या आठवडाभर साहेबांना आणि हौसाबाईला, दोघांना शिव्या देत होता. "तुझ्या भावापायी माझी बोटं सुजली, भवाने!" हौसाबाई हसायची. "माझ्या भावाला सांग, उजव्या हातानं काप म्हनावं."

साहेब कुणाला चोर म्हणत नसत. कुठं फट राहिली ते शोधत आणि ती बुजवत.

बसायच्या जागेचंही तसंच. एकाच कॉलनीत राहणाऱ्या आम्ही तिघी बौद्ध बायका होतो. पहिल्या दिवशी आम्ही आपोआप लांब टेबलाच्या टोकाला, दाराजवळ जाऊन बसलो. कुणी सांगितलं नव्हतं, सांगावं लागत नाही. तिसऱ्या दिवसापासून साहेबांनी डब्यात चिठ्ठ्या ठेवल्या. सकाळी आल्यावर चिठ्ठी उचलायची, नंबर येईल त्या जागेवर बसायचं. रोज नवी जागा, रोज नवी शेजारीण. बायकांची कुरबुर झाली. जावा-जावा, मायलेकी, सगळ्यांना फोडलं म्हणून. साहेब म्हणाले, "रोज एकीच्याच शेजारी बसलं की दोघींची नजर एक होते. मग एकीला न दिसलेलं दुसरीलाही दिसत नाही."

मी हौसाबाईच्या शेजारी पहिल्यांदा बसले ते अशी चिठ्ठी आली म्हणून. तिनं लुगडं आवरून घेतलं होतं, मला ते अजून आठवतं. हंगाम संपता संपता ती माझ्या डब्यातली जवसाची चटणी न विचारता घ्यायला लागली. साहेबांनी ते आमच्यासाठी केलं नव्हतं. द्राक्षांसाठी केलं होतं. त्यांना जातीपातीचं काही म्हणायचं होतं, असं मला कधी वाटलं नाही. पण आमच्या बाबतीत जे झालं ते झालं.

आणि वही. तिला आम्ही कारणवही म्हणायचो. जो घड मुंबईच्या पेटीतून काढला त्याचं कारण लिहायचं. नुसतं 'खराब' लिहिलेलं चालायचं नाही. काय खराब, कुठं खराब. ती वही फाटकाजवळच्या स्टुलावर दोरीनं बांधलेली असायची. ज्याला वाचायची त्यानं तिथं बसून वाचायची. पाकीट उघडल्यावर शेतकरी आपला नंबर शोधत आणि बोट ठेवून वाचत. सुरुवातीला भांडत. मग हळूहळू भांडणं कमी झाली आणि विचारणं वाढलं. घड दाटीचा आहे म्हणजे काय करायचं? मणी लहान का राहिले? दुसऱ्या वर्षी तेच लोक बागेत घड लहान असतानाच मधले मणी काढून विरळणी करायला लागले.

ती वही साहेबांनी माझ्याकडं दिली. मी चौथी शिकलेली. सातवीवाल्या होत्या, त्यांना नाही दिली. मी म्हटलं, माझं अक्षर मोठं येतं. ते म्हणाले, "मोठंच पाहिजे. वाचणाऱ्यांचे डोळे म्हातारे आहेत."

प्रत्येक पेटीत ती भरणाऱ्या बाईच्या नंबराची चिठ्ठी असायची. एकदा माझ्या नंबराची चिठ्ठी मुंबईहून परत आली. पेटीत खालचा घड ओला निघाला, त्यानं शेजारचे दोन नासवले. साहेबांनी मला वही पुढं केली. "कुणाची चूक ते नको. कशी झाली ते लिहा." मी लिहिलं, माझं लक्ष घरी होतं, मुलीला ताप होता. त्यांनी वाचलं. म्हणाले, "हे खरं आहे. पण याचा वाचणाऱ्याला उपयोग नाही. ओला घड तळाशी होता, वरून दिसला नाही, असं लिहा." मी लिहिलं. मग निघता निघता म्हणाले, "ताप उतरला का?"

दुसऱ्या दिवसापासून नवा नियम. पेटी भरायच्या आधी प्रत्येक घड पालथा करून खालूनही बघायचा. आणि ज्या बाईच्या घरात आजारपण असेल तिनं सकाळी सांगायचं, तिला पेटी भरायला द्यायची नाही, देठ कापायला बसवायचं. कारण विचारायचं नाही. माझ्या एका चुकीतून दोन नियम निघाले. मला शिक्षा काहीच झाली नाही. घरी जाताना मी रडले होते, पण वाईट वाटून नाही.

तिसऱ्या हंगामात अशी वेळ आली की मुंबईचे व्यापारी आमच्या पेट्या उघडून बघेनात. पेटीवरचा सोसायटीचा शिक्का बघायचे आणि उचलायचे. आमचा ट्रकवाला सांगायचा, "बाकीच्यांच्या पेट्या उघडून रचून ठेवल्यात, लोक चिवडताहेत. तुमचा माल उतरायच्या आधीच दुसऱ्या गाडीत." न उघडलेल्या पेटीतलं द्राक्ष दोन दिवस जास्त टिकतं. म्हणून कलकत्त्याची गाडीही आमचीच भरायला लागली. हौसाबाईच्या भावानं बाग वाढवली. ज्यांनी वेली काढून पुन्हा भाजीपाला लावायचं ठरवलं होतं त्यांनी ते रद्द केलं. हे साहेबांमुळं झालं, असं त्यांच्यासमोर कुणी म्हटलं की त्यांना आवडत नसे. "मी काय केलं? मी द्राक्ष खात पण नाही." ते खरं होतं. आंबट लागतात म्हणायचे.

मग त्याच हंगामात पाऊस पडला. माल काढणीला आलेला आणि एका दुपारी तासभर पाऊस. द्राक्षाला शेवटी शेवटी पाऊस म्हणजे मणी तडकतात. चार दिवस आम्ही निवडून निवडून थकलो. त्यातच सतरा नंबरच्या पाट्या आल्या. पुष्कळ होत्या, अख्ख्या टेबलावर मावेनात. दिसायला देखणी द्राक्षं, पण घड पालथा केला की देठाजवळ मणी चिरलेले. आम्ही सगळ्यांनी बघितलं. मी वहीत लिहिलं, सतरा नंबर, मणी देठाशी तडकलेले, आत ओल, लांबच्या प्रवासाला नको.

संध्याकाळी पाकीट उघडलं. सतरा नंबर चेअरमनचा होता.

चेअरमन म्हणजे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. मोठे बागाईतदार, कारखान्यांत ओळखी, सगळीकडं शब्द चालणारा माणूस. त्यांनी कलकत्त्याच्या व्यापाऱ्याला माल कबूल करून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांची जीप फाटकात आली.

"साहेब, माझी द्राक्षं काढली म्हनं तुम्ही?"

"सतरा नंबरची काढली."

"सतरा नंबर म्हंजे मीच की!"

"निवडताना नव्हता," साहेब म्हणाले. "निवडताना नुसता सतरा होता."

टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. हौसाबाईच असणार. चेअरमननी टेबलाकडं पाहिलं आणि बायकांनी माना पाट्यांत घातल्या.

"पावसानं सगळ्यांचाच माल तडकलाय. मला एकट्यालाच काय शिकवता?"

"सगळ्यांचाच काढलाय. वही आहे. बसून वाचा."

"मी स्टुलावर बसू?"

"उभं राहूनही वाचता येते. दोरी लांब आहे."

चेअरमन हसले. तेव्हाच मला भीती वाटली. रागावले असते तर बरं झालं असतं. जाताना ते माझ्याजवळ थांबले. "तुमचंच अक्षर का हे? चांगलं हाय. मालकांच्या कारखान्याला टाळं लागलंय म्हनं तुमच्या. मला सांगायचं नाय का? सातपूरला दोन कारखान्यांत माझा शब्द हाय." मी मान खाली घातली. चार महिने मालक घरी होते. सकाळी डबा न घेता बाहेर पडायचे आणि गोदावरीच्या घाटावर बसून यायचे, मला माहीत होतं.

दोन दिवसांनी शेडमध्येच कमिटीची बैठक झाली. टेबल पुसून त्यावर चादर घातली. पाच पंच आणि चेअरमन खुर्च्यांवर, साहेब समोर उभे. आम्ही बायका भिंतीला लागून. चेअरमन म्हणाले की मॅनेजरचा आपल्यावर दात आहे, अडाणी बायकांना पुढं करून हवं ते लिहून घेतात. साहेब म्हणाले, "लिहिणाऱ्या बाई इथं आहेत. त्यांनाच विचारा."

मला पुढं बोलावलं. पंचांतले एक म्हातारे होते, फाटकात पोस्टकार्डावरून ओरडणारेच. ते समजुतीनं म्हणाले, "घाबरू नको, पोरी. यवढंच सांग. हे तू तुझ्या डोळ्यांनी बघून लिव्हलं, का यांनी सांगितलं म्हनून?"

एवढंच होतं. बघून लिहिलं. दोन शब्द. सगळ्या बायकांनी बघितलं होतं, पण विचारलं मला होतं. तोंडापर्यंत शब्द आले. मी समोर पाहिलं तर चेअरमन माझ्याकडं बघत नव्हते, आपल्या नखांकडं बघत होते. मला घाटावर बसलेले मालक दिसले. शिवाय इतक्या पुरुषांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. यातलं कुठलं कारण मोठं, ते मला आजही सांगता येत नाही. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी राहिले.

"बोल की बाई."

मी बोलले नाही.

मग साहेबच म्हणाले, "त्यांना त्रास देऊ नका. त्या कमी बोलतात."

पंच एकमेकांत कुजबुजले. माझं गप्प राहणं म्हणजे साहेबांनीच लिहून घेतलं, असं धरलं. साहेबांना त्याच आठवड्यात कामावरून मोकळं केलं. सतरा नंबरची द्राक्षं, तोवर आणखी तीन दिवस जुनी झालेली, चेअरमनच्या माणसांनी पेट्यांत भरली, वर सोसायटीचा शिक्का मारला आणि कलकत्त्याच्या गाडीत चढवली.

साहेब शेवटच्या दिवशी सकाळी नव्या मॅनेजरला काम समजावून द्यायला आले होते. नवा म्हणजे चेअरमनचा पुतण्या. साहेब त्याला चिठ्ठ्यांचा डबा दाखवत होते. कुठली चिठ्ठी फाटली आहे, कुठली नवी करावी लागेल. तो म्हणाला, "हे मुलींचे खेळ बंद करू आपण." साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. आम्हा सगळ्यांना त्यांनी हात जोडले. माझ्याकडं पाहूनही तसेच जोडले, कमी नाही की जास्त नाही.

पंधरा दिवसांत मालकांना सातपूरला काम लागलं. घरात आनंद झाला. मालक म्हणाले, चेअरमन देवमाणूस आहे. मी त्यांना काही सांगितलं नाही. त्या नोकरीवर मुलगी शिकली, घराला पक्की भिंत आली. ते सगळं मी नाकारत नाही. पण पहिल्या पगाराची जिलेबी त्यांनी आणली ती मी सगळी मुलीच्या ताटात घातली, एवढं मला आठवतं.

शेडचं पुढं काय झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. कलकत्त्याला पेट्या उघडल्या तेव्हा आत बुरशी होती. तिकडून मुंबईला कळलं. त्यानंतर आमची प्रत्येक पेटी उघडायला लागले. उघडलेला माल पडून राहायला लागला. ज्यांचा माल खरोखर चांगला त्यांना ते परवडेना, म्हणून त्यांनी बागेतच व्यापाऱ्याला विकायला सुरुवात केली. मग शेडवर राहिला तो फक्त कमी प्रतीचा माल. बायका पुन्हा आपापल्या गोतात बसायला लागल्या. मी पुन्हा दाराजवळ. हौसाबाई मधून मधून उठून येऊन चटणी मागायची, पण उठून यावं लागायचं. वही स्टुलावर होती, तिच्यात लिहायला कुणी सांगायचं नाही. साहेब गेल्यानंतरच्या तिसऱ्या हंगामाला शेड बंद झालं. नंतर त्यात खताची पोती भरली होती.

मी कितीदा विचार केला आहे. वेली त्याच होत्या. माती तीच, विहिरी त्याच, आम्ही बायकाही त्याच. काहीही कमी झालं नव्हतं. पाय फाकवून उभा राहणारा एक माणूस गेला होता, आणि खरं तर तोही नाही. तो शिकवून गेलेलं सगळं आम्हाला येत होतं. पण ते करायचं हे आता कुणी धरून ठेवलेलं नव्हतं.

चार वर्षांनी मी त्यांना भेटायला गेले. पत्ता तात्यानं दिला. नाशिक रोडला स्टेशनच्या मागं चाळ होती. चाळीच्या तोंडाशी नळ, नळावर बायका, आणि भिंतीवर एक कागद खळीनं चिकटवलेला. त्यावर नावांची रांग होती. आज पहिली असेल ती उद्या शेवटी, असं रोज एकेक सरकत जायचं. अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. एका बाईला मी साहेबांचं घर विचारलं, तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमचे का ते? मग घेऊन जा बाई. माझी सख्खी बहीण आली पाहुणी, तिला एक कळशी मधे घालू देईनात. म्हणे तिचं नाव कागदावर नाही!"

दुसरी म्हणाली, "गप गं. आधी तुझं डोकं फुटलं होतं या नळावर, विसरलीस का?"

साहेब थकले होते. बायको जाऊन वर्ष झालं होतं. खोली नीटनेटकी. त्यांनी स्वतः चहा केला. मी माझा चहा संपवला. शेवटी म्हटलं, "साहेब, त्या दिवशी मी बोलले नाही."

"हो," ते म्हणाले.

मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ द्या. ते म्हणाले नाहीत. कपातला चहा गोल फिरवत बसले. मग म्हणाले, "तुम्ही बोलला असतात तरी त्यांनी मला काढलंच असतं. ते ठरलेलं होतं. पण मग वही खरी राहिली असती. माझ्यानंतर आलेल्याला तिच्यात काहीतरी लिहावंच लागलं असतं." कप खाली ठेवून म्हणाले, "मालकांना काम लागलं का?"

"लागलं."

"हां. मग ठीक."

ते टोचून बोलले की खरंच त्यांना बरं वाटलं, मला कळलं नाही. त्यांचा चेहरा पत्रं निवडणाऱ्याचा होता, त्यावर काही वाचता यायचं नाही. चाळीच्या तोंडापर्यंत ते मला सोडायला आले आणि पाय फाकवून उभे राहिले. मी वळून पाहिलं तर हात वर केला नाही, पण आतही गेले नाहीत.

त्यांची आठवण मला हंगामातच यायची असं नाही. दुकानात, रेशनच्या रांगेत, मुलीच्या शाळेत, जिथं जिथं कुणीतरी ओळखीवर पुढं जायचं तिथं मला वाटायचं, आता मागून आवाज येईल. त्या तीन हंगामांत मी जशी होते तशी पुन्हा कधी झाले नाही. सकाळी चिठ्ठी उचलताना कुठं बसायला मिळेल याची एक उत्सुकता असायची. माझ्या अक्षरावर माणसं बोट ठेवून वाचायची.

पुढं मी पिंपळगावला एका व्यापाऱ्याच्या शेडवर जायला लागले. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. तिथं शेठ म्हणेल तसं. एक दिवस माल ओला आला. शेठ म्हणाला, "हे खाली घाला, वर चांगले लावा. चला, हात चालवा." रोज थोडंफार तसं चालायचंच आणि मीही मान खाली घालून करायचे. त्या दिवशी माझा हात पेटीत गेला आणि तिथंच राहिला.

"काय झालं गं?"

"ओला घड खाली घालणार नाही," मी म्हटलं.

"काय?"

"शेजारचे नासतात. जिथं जायचंय तिथं पोचेपर्यंत पेटी जाते. वेगळे काढा, इथंच विका."

बायकांचे हात थांबले. शेठ माझ्याजवळ आला. "मालकीण का तू?"

"नाही."

"मग?"

"बघितलंय म्हणून सांगते."

त्यानं तिथल्या तिथं माझा हिशेब केला आणि उद्यापासून येऊ नको म्हणाला. मी पदर खोचला, डबा उचलला आणि हायवेवर येऊन उभी राहिले. मला हसू येत होतं. एसटी आली. नाशिकच्या सीबीएस स्टँडवर उतरून मला घरी जायचं होतं. मी उतरले आणि नाशिक रोडच्या बसमध्ये जाऊन बसले.

चार वाजले होते, नळाला पाणी आलं होतं. बायका ओळीनं उभ्या होत्या. साहेबांच्या दाराला कुलूप होतं. मी नळावर येऊन विचारलं. मागच्या खेपेला बहिणीवरून कुरकुरणारी तीच बाई पहिल्या नंबरावर होती. म्हणाली, "मुलीकडं गेले, भुसावळला. सामान पण नेलं. आता काय यायचे नाहीत. तब्येत बरी नव्हती." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "काय काम होतं?"

मी काही नाही म्हणणार होते. तेच माझ्या तोंडात बसलेलं आहे. पण म्हटलं, "त्यांना एक सांगायचं होतं. आज मी बोलले."

"कुणाला?"

मग मी सांगितलं. शेठ, ओले घड, बघितलंय म्हणून सांगते, सगळं. ती बादली भरता भरता ऐकत होती. तिची बादली भरली, तिनं ती बाजूला ओढली आणि म्हणाली, "बरं केलंस की. मेल्यांना कुणीतरी म्हणायला पाहिजेच." मागची बाई पुढं सरकली, तिनं आपली कळशी नळाखाली लावली. पाण्याच्या आवाजात तिला सगळं पोचलं नव्हतं. ती म्हणाली, "काय गं, काय झालं? मला पण सांगा."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी जरा मोठ्यानं.